देवाने नेलेलं मूल

प्रिय जोरिक,

आधी हातातलं पेन खाली ठेव. पेन घेतल्याशिवाय तू काहीच वाचत नाहीस, हे मला ठाऊक आहे. शाळेत बायबलमध्येसुद्धा खुणा करत वाचायचास आणि पास्टरांच्या छड्या खायचास. तुझी बायको जेलिना सांगते, तिने तुला वाढदिवसाला कार्ड दिलं तर त्यातली एक ओळ तू अधोरेखित केलीस आणि पुढच्याच आठवड्यात भाषणात वापरलीस. तिला वाटलं होतं, आवडली म्हणून खूण केली असेल. तेव्हा पेन ठेव आणि साध्या माणसासारखं वाच.

विमानाचं तिकीट मिळालं. सोबतचा निरोपही मिळाला. अण्वस्त्रबंदीच्या परिषदेच्या शेवटच्या दिवशी मतदानाआधी मी तुमच्या त्या मोठ्या सभागृहात उभं राहायचं आणि माझ्या पोटी काय जन्मलं होतं ते जगाला सांगायचं. ज्यांनी आपल्याकडे बॉम्ब फोडले त्या मोठ्या देशाचा माणूस उठून म्हणाला की मार्शल बेटांचे प्रतिनिधी ऐकीव गोष्टी सांगतात, आणि तुझं रक्त तापलं. तिथल्या तिथे तू जाहीर करून मोकळा झालास की माझी बहीण जिवंत आहे, मी तिला इथे आणतो, तिच्याच तोंडून ऐका. मला विचारलंस? विचारणार तरी कसा म्हणा. मी येणार नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला राहायला नको. तिकीट परत पाठवते आहे. का येणार नाही, हे मात्र तुला शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळायचं नाही.

तुझं ते गाजलेलं भाषण आम्ही अनितोकच्या दुकानात ऐकलं. त्याने रेडिओ तांदळाच्या पोत्यांवर चढवून ठेवला होता आणि अर्धं माजुरो शहर त्या दुकानापुढे जमलं होतं. मी नेहमीच्या जागी, दाराशी केतकीची पानं घेऊन चटई विणत बसले होते. अनितोक सगळ्यांवर ओरडत होता, "गप्प बसा रे, आपला जोरिक बोलतोय! अणुबॉम्बवाले नऊ-नऊ दांडगे देश कान टवकारून बसलेत तिकडे." कुणीतरी मागून म्हणालं, "कान टवकारतील, पण बॉम्ब थोडेच टाकून देतील?" सगळे हसले, मीही हसले. मग तुझा आवाज आला आणि खरं सांगते, ऊर भरून आला. आमचा देश इतका लहान आहे, तू म्हणालास, की नकाशा छापणारे त्याला शाईचा डाग समजून पुसून टाकतात; पण चाचणीचे सदुसष्ट बॉम्ब फोडायला मात्र तो तुम्हाला बरोबर सापडला. काय टाळ्या पडल्या! म्हातारा लाबिन डोळे पुसत म्हणाला, "लिकाजेरच्या पोराने नाव काढलं." आपली आई असायला हवी होती, असं मला वाटून गेलं.

आणि मग तू माझ्यावर आलास. आपल्यात बहिणीचे कपडे दोरीवर वाळत असले तर भाऊ वळसा घालून जातो. बहिणीच्या अंथरुणावरून तो पाय टाकत नाही, आणि बायकांच्यात बाळंतपणाचा विषय निघाला की भाऊ उठून बाहेर जातो, मग बाहेर वादळ का असेना. तूही जायचास. एकदा बुबूने, आपल्या आजीने, तू आत आहेस हे न बघता माझ्या पाळीबद्दल काही विचारलं, तर तू खिडकीतून उडी मारून पळाला होतास आणि पायाला शिंपला लागून आठवडाभर लंगडत होतास. तोच तू रेडिओवर म्हणत होतास, "माझ्या बहिणीच्या गर्भाशयातून..." तो शब्द आला आणि दुकानातले पुरुष एकेक करून उठायला लागले. आधी म्हातारे, मग माझे मावसभाऊ. अनितोकचा हात आवाज कमी करायच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला, कारण कमी करावा तर देशाचा अपमान आणि न करावा तर माझा. लाबिनने टोपी घातली आणि जाता जाता म्हणाला, "हे भावाच्या तोंडून ऐकायच्या आधी माझे कान का नाही गेले?" शेवटी आम्ही बायका आणि कॉलेजची पोरं तेवढी उरलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक पोरगी येऊन माझ्या गळ्यात पडली, "लिमियो मावशी, किती सोसलंस गं!" मी तिला म्हटलं, सोड, चटई मोडेल.

तेव्हापासून लाबिन माझ्या दारावरून जात नाही, लांबून जातो. माझा अपमान होऊ नये म्हणून. चर्चमध्ये मला पुढची जागा मिळते आणि माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. तुझं नाव सांगत एका परदेशी बाईने येऊन माझे हात हातात घेतले आणि फोटो काढू का विचारलं. तुझ्या पाहुणीला नाही कसं म्हणणार? आपल्याला ते येतच नाही. बॉम्ब फोडायला, म्हणे देवाच्या कामासाठी, बेट द्याल का असं त्या मोठ्या देशाच्या लोकांनी विचारलं, तेव्हा आपल्या म्हाताऱ्यांना तरी कुठे नाही म्हणता आलं होतं! तर माझा फोटो निघाला. तू जगाला सांगतोस बंदुका मोडा, आणि स्वतःची बंदूक ठेवायला तुला माझाच खांदा सापडला.

पण या रागापायी मी लिहीत नाही. अपमान मी पचवू शकते, सवय आहे. तुझं काम खोटं आहे असंही मी म्हणत नाही. तू लहान होतास, तुला आठवत नाही, मला आठवतं. बॉम्ब फुटला त्या पहाटे पश्चिमेला सूर्य उगवला होता. मग दुपारी ती पांढरी भुकटी पडायला लागली आणि आम्ही पोरं तिच्यात खेळलो, अंगाला फासली, एकमेकांच्या डोक्यावर उधळली. तू तापाने फणफणला होतास म्हणून आईने तुला घरात झोपवलं होतं. तेवढ्यावरून तू भाषणात म्हणालास, "विष मला चुकलं, माझ्या बहिणीला लागलं." छान वाक्य आहे. पण पावसाच्या पाण्याच्या ज्या टाकीत ती भुकटी पडली, त्या टाकीतलं पाणी तुझ्या कपाळावरच्या घड्या भिजवायला आणि तुझ्या घशात ओतायला कोण वापरत होतं? माझ्या गळ्यावर डॉक्टरांनी गाठ कापल्याचा व्रण आहे आणि तुझ्या नाही, एवढ्यावर तू स्वतःला सोडवून घेतलंस. ते बॉम्ब पुन्हा कुठे पडू नयेत म्हणून तू उंबरे झिजवतोस, लहान लहान देशांना एकेक करून गोळा करतोस, हे चांगलंच आहे. तू हरावंस असं मला वाटत नाही. म्हणून तर तुला खोटा पडू द्यायचा नाही.

कारण जोरिक, तू खोटं सांगितलंस. मुद्दाम नाही, पण खोटंच. तू म्हणालास, त्या मुलाला हाडं नव्हती, कातडीतून काळीज धडधडताना दिसत होतं, ते खरं. ते दुसऱ्या दिवसापर्यंत जगलं, तेही खरं. मग तू म्हणालास, "त्याच्या आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला नावसुद्धा मिळालं नाही." हे तुला कुणी सांगितलं? मला तू विचारू शकत नव्हतास, मी तुला सांगू शकत नव्हते, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून तुकडे गोळा केलेस आणि मधली भोकं स्वतःच्या हाताने बुजवलीस. म्हणे त्या वाक्याला सभागृहातल्या बायका रडल्या. त्याच्या आईने त्याला एक क्षण खाली ठेवलं नाही. बुबू म्हणाली, "दे इकडे, तू झोप जरा," तरी दिलं नाही. ती त्याला गाणी म्हणत होती आणि मधेच थांबून बघत होती, ते काळीज चाललंय ना. त्याला नावही मिळालं होतं. ते नाव मी पुढे सांगेन.

आता तुला हेमिनी आठवते का बघ. आपल्या शेजारची, हसरी, तिचा नवरा मासे वाळवायचा. बॉम्बनंतर आपल्याला हलवलं होतं आणि मग आपण बेटावर परत राहायला गेलो होतो, त्या वर्षांतली गोष्ट. तिला तसलं मूल झालं तेव्हा तू नवा नवा मास्तर झाला होतास आणि जेलिनाला ऐलुक बेटावरून लग्न करून आणलं होतंस. ऐलुकची पोर, आपल्या बेटावर तिचं सख्खं असं कुणी नाही. आपण जेवायला बसलो होतो, ती भात वाढत होती, तिला तिसरा महिना होता. हेमिनीचा विषय निघाला, तुला बघून आम्ही बायका गप्प झालो, आणि तू उठून जायच्या ऐवजी हसून म्हणालास, "बॉम्बचं काय नाव घेता? ती कुणाबरोबर होती ते विचारा तिला." तेव्हा सगळेच तसं बोलायचे, तू जगावेगळा नव्हतास. पण जेलिनाच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला, आणि तो मी पाहिला. आता तू त्याच हेमिनीसाठी भाषणं करतोस. ती हेमिनी पुढे आपल्या बेटापुढच्या पाण्यात बुडाली, कुणी म्हणतं पाय घसरला. तिचं नाव तुझ्या भाषणात आहे, तुझं तेव्हाचं ते वाक्य नाही.

काही महिन्यांनी तू माजुरोला मास्तरांच्या पुढच्या शिक्षणाला गेलास आणि खोबऱ्याची बोट वेळेवर आली नाही म्हणून तिकडेच अडकलास. माझा नवरा तिमा त्याच्या आधीच मासेमारीला गेला तो परत आला नव्हता. मी आणि जेलिना, दोघी एकाच वेळी गरोदर होतो. एकाच दिवशी बाळंत झालो, बुबूच्या झोपडीत. सकाळी मी, आणि माझं ओरडणं ऐकून कळा सुरू झालेली ती दुपारी. आत बुबू, आई आणि आम्ही दोघी, पाचवं कुणी नाही. बाहेर पुरुष बसलेले, आणि आतलं काही विचारायचं नाही हा रिवाज. माझी मुलगी गळ्याला नाळ गुंडाळून आली. हातपाय, नखं, भुवया, सगळं जागच्या जागी. तिमाचं नाक होतं. फक्त श्वास नव्हता. आणि दुपारी जे आलं त्याला श्वास होता आणि हाडं नव्हती.

जोरिक, तुला समजलं असेल. तरी मी लिहिते, कारण न लिहिलेलं तू तुझ्या सोयीने वाचतोस. जेलिना ते मूल छातीशी धरून बुबूला म्हणाली, "तो विचारेल मी कुणाबरोबर होते. मला पाण्यात सोडून या." ती रडत नव्हती. बुबू दोन्ही मुलांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मेलेलं धड आहे आणि जितं धड नाही. कुणाचं कुठलं, ते आपण चौघींनी ठरवायचं. पटकन बोला, बाहेर चुळबूळ सुरू झालीय." मी बोलले. मला कुणी सांगितलं नाही, गळ घातली नाही. मी जमिनीची लेक आहे, आपल्यात जमीन आईकडून लेकीकडे येते, त्या बेटावरून मला कोण हाकलणार होतं? आणि माझा नवरा समुद्रात होता, तो काय विचारायला येणार? ती परकी होती आणि तिला नवरा होता, तुझ्यासारखा. म्हणून बुबूने दाराशी जाऊन सांगितलं की जेलिनाची मुलगी नाळेने गेली, आणि लिमियोला तसलं झालंय, आत कुणी यायचं नाही.  बाहेरून कुणीतरी हळूच म्हणालं, "तिमा तर कधीचा गेला. ही कुणाबरोबर होती?" मी आत पडून ऐकत होते. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

माझ्या मुलीला आम्ही तुझी म्हणून पुरलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या मुलीला माझी म्हणून. शेजारी शेजारी. सहाव्या दिवशी रिवाजाप्रमाणे लोक पांढरी खडी घेऊन आले. जेलिनाच्या मुलीची म्हणवणाऱ्या कबरीवर सगळ्या बेटाने ओंजळी रिकाम्या केल्या, आणि दुसरीवर आम्ही चौघींनीच. बोट आली तेव्हा तू किनाऱ्यावरून धावत आलास आणि त्या मोठ्या ढिगावर आडवा पडून रडलास. मी झाडाआड उभी राहून बघत होते. माझ्या मुलीसाठी तिच्या बापाने रडायला हवं होतं, तो नव्हता. कुणीतरी रडलं, बरं वाटलं. जेलिना मात्र तुझ्याजवळ न बसता पलीकडच्या कबरीपाशी बसली होती. तू मला नंतर म्हणालास, तुझी बायको फार कठोर आहे, स्वतःच्या मुलीच्या कबरीला हात लावत नाही. आता परदेशी पत्रकारांना घेऊन बेटावर जातोस आणि त्या मोठ्या कबरीपाशी गुडघे टेकून फोटो काढून घेतोस. माझ्याकडे आहे तो फोटो, मासिकातून कापून ठेवलाय. माझ्या मुलीचा दुसरा कुठला फोटो आहे? मागच्या बाजूला, तुझ्या खांद्यामागे, लहान कबरीवर कुणीतरी वाकलेली बाई दिसते, चेहरा नाही. खाली छापलंय, शोकाकुल पिता.

पुढे तुमची आना जन्मली, धडधाकट, देवाची कृपा. तिला आपल्या आईचं नाव द्यायचं तू ठरवलंस आणि जेलिना नको म्हणाली. आयुष्यात तिने तुला नाही म्हटलेली ती एवढी एकच गोष्ट. सासूचं नाव लाज वाटण्यासारखं आहे का, असं विचारून तू दोन महिने तोंड फुगवून बसलास. आईनेच तुझी समजूत घातली, "जाऊ दे रे, मला नको तिला माझं नाव." आई असं का म्हणाली, याचा विचार तू कधी केला नाहीस. ते नाव आधीच दिलेलं होतं. तुझ्या पहिल्या मुलीचं नाव लिकाजेर आहे. ती एक दिवस जगली, आणि त्या एका दिवसात तिच्या आईने तिला त्या नावाने इतक्या हाका मारल्या की पुन्हा दुसऱ्या कुणाला ते नाव कसं देणार?

आता तुझं ते सगळ्यात गाजलेलं वाक्य. "माझं मूल देवाने नेलं आणि माझ्या बहिणीचं बॉम्बने. देवाला मी कधीच माफ केलं." अनितोकच्या दुकानात ते आता भिंतीवर लिहिलंय, रंगीत खडूने. जोरिक, तुझं मूल देवाने नेलं नाही. देवाने माझं नेलं. तुझं दुसऱ्यांनी नेलं, आणि ज्यांनी नेलं त्यांच्यासमोर उभा राहून तू सांगून आलास की मी वाचलो. विष तुझ्यातून आलं की जेलिनाने आपल्या माडांवरचे खेकडे आवडीने खाल्ले त्यातून, ते मला माहीत नाही आणि डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही. ते तुझं तू शोध. साक्षीदार आणतो म्हणून गर्जना केलीस ना? मी तिथे येऊन ती माझी होती असं म्हटलं, तर तुझ्यामागे उभे असलेले सगळे लहान देश एका खोट्यावर उभे राहतील आणि तो मोठ्या देशाचा माणूस एक दिवस ते उकरून काढेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती मी इतकी वर्षं झाकलेली ठेवली. तू सभागृहात नेऊन उघडायला निघालास म्हणून आधी तुझ्यासमोर उघडते आहे. हे तोंडाने मी तुला कधीच सांगू शकले नसते. बहीण आहे.

भाषणाच्या दुसऱ्या दिवशी जेलिनाचा फोन आला. ती त्या दिवशी वरच्या गॅलरीत बसली होती, तू पाठवलेला नवा झगा घालून. "त्याच्या आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही" हे तिने तिथे बसून तुझ्या तोंडून ऐकलं. शेजारी कुठल्या तरी देशाच्या राजदूताची बायको होती, तिने रडत रडत जेलिनाला रुमाल दिला आणि म्हणाली, तुझ्या नणंदेचं फार वाईट वाटलं हो. जेलिना तिला थँक्यू म्हणाली. मग सगळे उभे राहिले तेव्हा तीही उभी राहिली आणि तिने टाळ्या वाजवल्या. मला फोनवर तेवढंच म्हणाली, "लिमियो, मी बघत होते गं तिच्याकडे. तू होतीस ना तिथे? मी बघत होते." मी म्हटलं, हो, होते मी. मग मी तिला म्हटलं की तूच सांग त्याला, नवरा आहे तुझा, तुम्हाला कुठला रिवाज आडवा येतो? तर म्हणाली, "मी सांगितलं तर पुढच्या भाषणात येईल." बहिणीला विचारायचं नाही हा आपला रिवाज, तो तू पाळलास, शाबास. पण बायकोला विचारायचं नाही असा रिवाज कुठल्या बेटावर आहे, ते मला तू आल्यावर सांग. तिनेच हे पत्र लिहायला लावलं, म्हणून ते मी तुझ्या कार्यालयात न पाठवता तिच्या नावावर पाठवलं. तिने ते तुझ्या हातात दिलं असेल आणि आता स्वयंपाकघराच्या दारात उभी असेल. शेवटच्या दिवशी मतदानाआधी कुणी उभं राहायचं, तू एकट्याने, तिने, तुम्ही दोघांनी की कुणीच नाही, हे ती ठरवणार आहे. कसं ठरवशील, मी विचारलं. ती म्हणाली, "वाचून झाल्यावर त्याचा हात आधी कशाकडे जातो, ते बघेन." हे तुला कळू द्यायचं नाही असं मी तिला कबूल केलं होतं. पण लहानपणी मास्तर प्रश्न विचारायचे तेव्हा मागून उत्तर कोण सांगायचं तुला? तेवढ्यासाठी मी पहिल्याच ओळीत तुला पेन खाली ठेवायला सांगितलं.

एवढं सगळं होऊनही तुझीच बहीण,
लिमियो